फोर बाय फोरच्या पोटातून आवाज येतोय? ट्रान्सफर केस उतरवायच्या आधी हे करा

फोर बाय फोर गाडीखालून जरा कुठे घरघर आली की पहिला संशय ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना पॉवर वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर (गॅरेजच्या भाषेत टीसी), जातो आणि गॅरेजमध्ये पण बऱ्याचदा "साहेब, टीसी उतरवून बघावी लागेल" हेच ऐकायला मिळतं. आता ती उतरवायची तर दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडवा, क्रॉसमेंबर काढा, खाली ट्रॉली जॅक लावा, ते जड धूड सांभाळून खाली घ्या, एवढं सगळं झाल्यावर आवाज निघतो मागच्या चाकाच्या बेअरिंगचा. पैसे गेले, गाडी आठवडाभर उभी राहिली आणि नको तिथली सीलं उघडली गेली. हे टाळता येतं आणि त्यासाठी भारी हत्यारं लागत नाहीत, एक मोकळा रस्ता, शेजारी बसायला एक माणूस आणि जरा चिकाटी एवढं पुरतं.

माझं म्हणणं एकच आहे, आवाज कसला आहे यापेक्षा तो कधी येतो ते आधी पक्कं करा. एकाच घरघरीला कोणी हमिंग म्हणतं, कोणी ग्राइंडिंग म्हणतं, तुमचं वर्णन आणि मिस्त्रीची समजूत यात फरक पडतोच. पण "साठला येतो, ऍक्सिलरेटर सोडला की जातो, डावीकडे वळताना वाढतो" असं सांगितलं की त्यात घोळ व्हायला जागाच उरत नाही. वेग, लोड, वळण आणि फोर व्हीलचा लिव्हर, या चार गोष्टी एकेक करून बदलायच्या आणि आवाज कशाबरोबर बदलतो ते बघायचं.

मी इथे मुख्यतः पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेपुरती चारही चाकांना पॉवर देणारी गाडी, धरून लिहितोय, जशा जिप्सी, थार, स्कॉर्पिओ फोर बाय फोर, सफारी स्टॉर्म, जिम्नी असल्या गाड्या. गिअरबॉक्समधून पॉवर ट्रान्सफर केसमध्ये येते, तिथून एक प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शिअलला जातो, दुसरा पुढच्या. टू हायमध्ये फक्त मागचा शाफ्ट पॉवर घेतो, फोर हायमध्ये दोन्ही एकमेकांशी लॉक होतात आणि फोर लोमध्ये मधे अजून एक रिडक्शन येतं, गाडीनुसार साधारण दोन ते पावणेतीन पट. बहुतेक नव्या गाड्यांत पुढच्या आउटपुटला पॉवर जाडजूड चेनने जाते, जिप्सीमध्ये मात्र सगळं गिअरवर आहे आणि तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, मागे बसवलेली, मधे एक छोटा तिसरा शाफ्ट. म्हणून जिप्सीत क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकांचे सांधे, जास्त, आवाजाच्या जागा पण जास्त. आणि जिप्सीत हायमध्ये सुद्धा पॉवर गिअरमधूनच जाते त्यामुळे हलकीशी गुणगुण ही तिची सवयच आहे, त्यासाठी केस उघडू नका.

नॉर्मल आवाज कुठले तेही आधीच सांगतो, कारण खूप लोक यासाठीच गॅरेजला जातात. कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर फोर हाय टाकून पार्किंगमध्ये वळलात तर गाडी अडखळणार, टायर घासणार, खालून कट्ट आवाज येणार. पार्ट टाइम गाडीत मधे सेंटर डिफरन्शिअल नसतं, वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, शाफ्ट मात्र एकाच वेगाने फिरायला बांधलेले, मग तो ताण शाफ्टमध्ये, गिअरमध्ये, चेनमध्ये साठत जातो. त्याच ताणामुळे नंतर लिव्हर टू हायला येत नाही, अडकून बसतो. तो जोर लावून ओढायचा नाही, सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, ताण सुटला की अलगद बाहेर येतो. हा दोष नाहीये, पण कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावून रोज फिरलात तर पुढे दोष नक्की तयार होईल. फोर लोमध्ये गिअरची शीळ थोडी वाढणं नॉर्मल. ज्या गाड्यांत मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल आहे त्यात एक चाक हवेत फिरायला लागलं की धप्प करून लॉक होतं, तेही नॉर्मल. आणि जाड ब्लॉकचे मड टायर टाकलेत तर ते ऐंशीला गाणारच.

आता टेस्टच्या आधी फुकटातल्या गोष्टी. टायरमधली हवा चारही चाकांत बरोबर करा, टायरवर हात फिरवून बघा, ब्लॉकच्या कडा एका दिशेने करवतीसारख्या लागल्या तर घरघर टायरचीच असायची शक्यता मोठी. रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून बसलाय का बघा, पावसाळ्यात शेतातून, मुरमाड रस्त्यावरून आलं की रिममध्ये किलो-अर्धा किलो माती चिकटते आणि हायवेला स्टिअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंट करत बसतात. डिस्कमागच्या पातळ पत्र्यात खडा अडकला तर करकर असा भयानक आवाज येतो, तो पत्रा जरा वाकवला की खेळ खल्लास. स्किड प्लेटचे बोल्ट, सायलेन्सरवरचा हीट शील्ड, स्टेपनी, हे सगळं हाताने हलवून घ्या, मगच पुढे.

रस्ता शक्यतो सपाट, सरळ, रिकामा घ्या, काचा खाली, रेडिओ आणि एसी बंद. एका बाजूला लांब कठडा किंवा भिंत असेल तर फार छान, आवाज त्यावर आपटून परत येतो आणि डावीकडचा की उजवीकडचा ते कळतं, घाटातला कठडा त्यासाठी चांगला, फक्त ट्रॅफिक बघून. शेजारच्या माणसाला फोनवर रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि दर वेळी मोठ्याने बोलायला सांगा, "साठ, चौथा, पाय दाबलेला" असं. घरी येऊन शांतपणे ऐकताना हे फार उपयोगी पडतं.

पहिलं, आवाज वेगाबरोबर आहे की इंजिनच्या आरपीएमबरोबर. साठला चौथ्यात चालवा, मग साठलाच तिसऱ्यात. वेग तोच, आरपीएम वाढलं. आवाज बदलला नाही तर तो गिअरबॉक्सच्या आउटपुटपासून चाकांपर्यंत कुठेतरी, म्हणजे ट्रान्सफर केस, शाफ्ट, डिफरन्शिअल, बेअरिंग, टायर. आवाज आरपीएमबरोबर चढला तर इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्स, आणि मग ट्रान्सफर केसचा विषय बराचसा संपला. नंतर सपाट जागी थोडा वेळ न्यूट्रलमध्ये सोडून बघा, इंजिन चालू ठेवूनच, बंद केलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि उतारावर तर हे करायचंच नाही. उभ्या गाडीत न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की जाते तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग.

दुसरं लोड. त्याच वेगाला ऍक्सिलरेटर दाबून, मग हलका धरून, मग पूर्ण सोडून. गिअरचा आवाज लोडबरोबर सूर बदलतो, बेअरिंगचा आणि टायरचा फारसा बदलत नाही. ताम्हिणी किंवा आंबोली उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगवर गाडी सोडली की ओव्हररनचा, म्हणजे पाय सोडल्यावरचा, आवाज अगदी स्वच्छ ऐकू येतो, शहरात तेवढा वेळ मिळत नाही. फक्त दाबल्यावर शीळ येते की फक्त सोडल्यावर, हे लिहून ठेवा.

तिसरं वळण. पन्नास-साठला रिकाम्या रस्त्यावर हळूच डावीकडे-उजवीकडे नागमोडी न्या. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा घरघर वाढली तर बहुतेक उजवं हब बेअरिंग. एवढं केलं तरी अर्ध्या केसेस इथेच सुटतात. खात्रीसाठी चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा, खराब बेअरिंग असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर हाताला लागते, कानाला ऐकू येत नसली तरी. मग वर-खाली धरून हलवा, प्ले म्हणजे ढिलेपणा आहे का बघा.

चौथं लिव्हर, आणि यासाठी कच्चा रस्ता, वाळू नाहीतर ओलं गवत पाहिजे, डांबर नको. टू हाय, फोर हाय, फोर लो तिन्हीत तोच हळू वेग. याचा अर्थ पुढे सांगतो.

याच्या जोडीला एक हिशोब आहे तो मला सगळ्यात आवडतो, कारण यात अंदाज कमी आणि गणित जास्त. समजा टायर २४५/७५ आर १६ आहे. त्याचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी २.४३ मीटर पुढे जाते. ताशी १० किलोमीटरला गाडी सेकंदाला २.७८ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला एकदा आणि वर थोडं फिरतं. डिफरन्शिअलचा रेशो ४.१ धरला तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळात चार-पाच वेळा फिरतो. आता चालण्याच्या थोडं वरच्या वेगाने गाडी न्या आणि टक टक मोजा. सेकंदाला साधारण एक टक येत असेल तर गोष्ट चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या कशात तरी आहे, टायरमध्ये घुसलेला खिळा, ब्रेक डिस्क, हब, ऍक्सल, क्राऊनचा (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या गिअरचा) तुटलेला दात. चार-पाच येत असतील तर शाफ्ट, क्रॉस, पिनियन (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) किंवा ट्रान्सफर केसचा आउटपुट. साठला हेच आकडे चाकाचे जवळपास ७ आणि शाफ्टचे २८ होतात. फोनमध्ये व्हायब्रेशन किंवा स्पेक्ट्रम दाखवणारं ऍप फुकट मिळतं, फोन सीटच्या रेलला घट्ट चिकटवून ठेवा, २८ हर्ट्झच्या आसपास टोक दिसलं तर शाफ्टचा बॅलन्स, दुप्पट म्हणजे ५६ च्या आसपास दिसलं तर क्रॉस किंवा शाफ्टचा कोन, कारण क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो. तुमचा टायर आणि रेशो वेगळा असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच. मिस्त्रीला हा आकडा सांगून बघा, तो पण लक्ष देऊन ऐकतो.

आता खटका. डी मधून आर टाकताना ठक्क, पहिल्यात क्लच सोडताना ठक्क, ट्रॅफिकमध्ये पाय सोडला-दाबला की ठक्क. यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके, गिअर न्यूट्रल, मगच खाली जा. गुटक्याशिवाय अजिबात नाही, ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर ऑटोमॅटिकचा पी पण गाडी धरत नाही हे लक्षात ठेवा, पी फक्त गिअरबॉक्सचा शाफ्ट अडवतो आणि पुढची कडी तुटलेली असते.

खाली गेल्यावर शाफ्ट एका हाताने आणि क्रॉसपलीकडचा योक, म्हणजे क्रॉस धरणारा दुतोंडी तुकडा, दुसऱ्या हाताने धरून उलट-सुलट पिळा. क्रॉसमध्ये हाताला लागेल इतका प्ले नसायला पाहिजे, शून्यच पाहिजे. मग टॉर्च मारून क्रॉसच्या चार टोप्यांच्या कडेला बघा, तिथे लालसर तपकिरी बारीक पावडर दिसली, अगदी विटेच्या भुकटीच्या रंगाची, तर आतलं ग्रीस संपून नीडल बेअरिंग गंजलंय, हाताला प्ले लागो न लागो तो क्रॉस गेला. हळू वेगात खालून चिवचिव येते, आणि धुतल्यावर किंवा पावसात दोन दिवस बंद होते, तो पण हाच. क्रॉसला ग्रीस निपल असेल तर चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा, तीनमधूनच आलं आणि चौथी कोरडी राहिली तर ती आतून बंद झालीये, पुढच्या पावसाळ्याआधी बदला.

क्रॉस चांगले असतील तर शाफ्टचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइडिंग योक बघा. तो कोरडा पडला की गाडी थांबल्यावर किंवा निघताना एकच खटका येतो, सस्पेन्शन दबतं-उठतं तेव्हा स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या लांब खाचा, अडकून सुटतात. ग्रीस मारून खटका गेला तर निदान झालं. नंतर इंजिन आणि गिअरबॉक्सचं फाउंडेशन, ट्रान्सफर केसचा माउंट, रबर फाटलंय का, बोनेट उघडून हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही धरून कोणाला तरी क्लच जरासा सोडायला सांगा, इंजिन भलतंच उचललं जात असेल तर तेच, फक्त तुम्ही बाजूला उभे राहा, समोर नाही. शेवटी डिफरन्शिअलचा बॅकलॅश, शाफ्ट फिरवून बघितला की पिनियन आणि क्राऊनमधला थोडा प्ले हाताला लागतोच, तो असावाच लागतो, पण अर्धा पाऊण इंच फिरून मग आवाज देत असेल तर आतले स्पायडर गिअर किंवा त्यांचे वॉशर झिजलेत.

थरथर असेल आणि ती अलीकडे कोणी शाफ्ट काढून बसवल्यावर सुरू झाली असेल तर फेज बघा. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत, स्लाइडिंग स्प्लाइन एक-दोन दाते चुकवून बसवली की शाफ्ट तसाच्या तसा चांगला असून गाडी थरथरते. म्हणून शाफ्ट सोडवायच्या आधी फ्लँज आणि स्प्लाइन दोन्हीवर पांढऱ्या पेंटची रेघ मारायचीच, मिस्त्री घाईत असेल तर तुम्ही मारा. गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकल्यावर थरथर आली असेल तर क्रॉसचा कोन बिघडलाय, तिथे शाफ्ट कितीही बॅलन्स करून आणा फरक पडत नाही, पिनियनचा कोन किंवा ट्रान्सफर केसचा माउंट ऍडजस्ट करावा लागतो.

डिफरन्शिअलच्या शिळेबद्दल थोडक्यात. ठराविक वेगाच्या पट्ट्यात, समजा पंचावन्न ते सत्तर, दाबल्यावर किंवा सोडल्यावर शीळ, ती क्राऊन-पिनियनची. लोड बदलून पण न बदलणारी घरघर म्हणजे बेअरिंग. पिनियनच्या ऑइल सीलमधून गळती आणि शाफ्टच्या फ्लँजला वर-खाली प्ले, हे दोन्ही एकत्र असेल तर पिनियन बेअरिंगचं प्रीलोड, म्हणजे ठरवून दिलेला ताण, गेलंय, तेव्हा नुसतं सील बदलून आणि नट कचकचून आवळून घेऊ नका, आत क्रश स्लीव्ह म्हणजे दाबली जाणारी नळी असते, ती जास्त दाबली गेली की नवीन बेअरिंग पण जळतं. आणि क्राऊन-पिनियन कायम जोडीने बदलायचे, एकटा पिनियन स्वस्तात मिळतोय म्हणून टाकला तर तो सूर आयुष्यभर पाठ सोडत नाही.

आता ट्रान्सफर केस स्वतः. वरच्या लिव्हरच्या टेस्टमध्ये काय दिसलं त्यावर सगळं आहे. चेनवाल्या केसमध्ये टू हायला, पुढचे हब (चाकं ऍक्सलला जोडणारी-सोडणारी कुलुपं) फ्री असतील तर, चेन फिरतच नाही. म्हणून टू हायमध्ये शांत आणि फोर हायमध्ये लोड दिल्यावर घरघर किंवा खटाक-खटाक असेल तर चेनकडे बोट जातं. ताणलेली चेन ढिल्या सायकल चेनसारखी दात सोडून उडी मारते, जोर लावला की धाडकन आवाज, आणि जास्तच ताणली तर केसच्या ऍल्युमिनियमला आतून घासते, तेव्हा तेलात चांदीसारखी चमक दिसते. फक्त फोर लोमध्ये कर्कश आवाज, बाकी दोन्हीत शांतता, तर लो रेंजचा प्लॅनेटरी गिअर सेट. तिन्ही पोझिशनमध्ये वेगाबरोबर वाढणारी घरघर तर मागच्या आउटपुटचं बेअरिंग, ते तपासायला मागच्या फ्लँजला धरून वर-खाली हलवा. आणि लोडवर फोर लोमधून लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला येत असेल, विशेषतः चढावर, तर शिफ्ट फोर्कचे पॅड झिजलेत नाहीतर लिंकेज ऍडजस्टमेंट गेलीये, पण केस उघडायच्या आधी माउंट बघा, माउंट बसला की केस खाली झुकते आणि लिव्हर बॉडीच्या पत्र्याला टेकून पूर्ण आत जातच नाही. हे बघायचं गॅरेजमध्ये राहून जातं.

ज्या गाडीला पुढे हाताने फिरवायचे हब आहेत त्यांना तर अजून सोपी युक्ती आहे. टू हायमध्येच हब लॉक करून चालवा, मग फ्री करून. लॉक केल्यावर पुढचे ऍक्सल, पुढचं डिफरन्शिअल आणि पुढचा शाफ्ट चाकांमुळे फिरायला लागतात, फ्री केल्यावर थांबतात. आवाज हबबरोबर येतो-जातो तर तो पुढे आहे, आणि मागच्या कशालाही हात लावायचं कारण उरलं नाही. वळताना फुल लॉकला कट् कट् कट् म्हणजे पुढचा सीव्ही जॉइंट, चाकाजवळचा ऍक्सलचा सांधा, बूट फाटून ग्रीस रिमच्या आत उडालेलं दिसेल. जिप्सी-जिम्नीसारख्या सॉलिड ऍक्सलला जॉइंट बंद गोळ्यात असतो, तिथे बूट दिसत नाही, गोळ्यावर पातळ झालेलं ग्रीस ओघळलंय का ते बघायचं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, एकच चाक जॅकवर उचलून फोर व्हीलमध्ये किंवा लॉकिंग डिफरन्शिअलवाल्या गाडीत गिअर टाकून कधीही फिरवून बघू नका. जमिनीवरचं दुसरं चाक पण ओढायला लागतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. चारही चाकं चांगल्या स्टँडवर किंवा लिफ्टवर असतील तरच, आणि फिरणाऱ्या शाफ्टजवळ ओढणी, सैल शर्ट, हात काहीच नाही.

तेल. आवाजाची टेस्ट झाली की तेल बघायचं आणि माझ्या मते यात जेवढी माहिती मिळते तेवढी दुसऱ्या कशात नाही. गाडी सपाट जागी, थोडी फिरवून आणलेली. आधी वरचा भरायचा प्लग उघडा, खालचा नंतर. आधी खालून सगळं तेल सोडलं आणि मग वरचा प्लग गंजून निघेना असं झालं तर गाडी तिथेच अडकली. वरच्या भोकात करंगळी घाला, तेल भोकाच्या खालच्या कडेला लागायला पाहिजे. बोटावर आलेलं तेल उन्हात धरून बघा. स्वच्छ किंवा नुसतं काळपट, ठीक. दुधाळ, चहासारखं, म्हणजे पाणी गेलंय. खालच्या प्लगला लोहचुंबक असतं बऱ्याच गाड्यांत, त्यावर राखाडी रंगाची मऊ पेस्ट असणं नॉर्मल, ती बोटांत चोळल्यावर नुसती गुळगुळीत लागते. पण त्यात टोचणारे कण, नखाएवढे पातळ तुकडे, दाताचा कोपरा असं काही निघालं तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. ऍल्युमिनियमची चमक चुंबकाला चिकटत नाही, ती तेलात तरंगते, म्हणून पांढऱ्या भांड्यात तेल काढा.

पाणी जातं कसं तर ब्रीदरमुळे, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडामुळे. तासभर चालून डिफरन्शिअल गरम असतं, तशीच गाडी ओढ्यात घातली की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचं आहे. म्हणून पाण्यात घालायच्या आधी पाच मिनिटं गाडी उभी करा, ब्रीदरची नळी वर बोनेटपर्यंत नेऊन घ्या, खर्च फारच कमी, आणि खोल पाण्यातून आल्यावर दोन्ही डिफरन्शिअल आणि ट्रान्सफर केस, तिन्ही ठिकाणचं तेल बघा. कोकणात खाऱ्या पाण्याशी संबंध आला असेल तर खालून गोड्या पाण्याने धुऊन क्रॉसला लगेच ग्रीस मारा.

तेल कुठलं ते मॅन्युअलमध्ये बघूनच. काही चेनवाल्या केसमध्ये लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींमध्ये ७५ डब्ल्यू ९० गिअर ऑइल, आणि "सगळीकडे नव्वद नंबर चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही. जाड तेल बारीक पंप आणि चेनपर्यंत नीट पोचत नाही. अजून एक, गिअरबॉक्सचं तेल कमी आणि ट्रान्सफर केसचं जास्त भरत असेल, बाहेर गळती काहीच नाही, तर दोघांच्या मधलं सील गेलंय आणि तेल इकडून तिकडे जातंय. लोक वर्षानुवर्षं नुसतं टॉप अप करत राहतात.

बटण किंवा नॉबवाल्या गाडीत फोर व्हील लागतच नसेल, लाइट नुसती ब्लिंक होत राहते, तर आधी बॅटरी तपासा, कमजोर बॅटरीवर शिफ्ट मोटर अर्ध्यात थांबते. शांत जागी इग्निशन चालू करून नॉब फिरवा, कोणाला तरी खाली कान द्यायला सांगा, मोटरचा झुर्र असा छोटा आवाज आला पाहिजे. आवाजच नाही तर फ्यूज, रिले, कनेक्टरमधला गंज, आणि उंदरांनी कुरतडलेली वायर, चारचाकी अंगणात उभी राहते तिथे हा शेवटचा मुद्दा खरोखर बघण्यासारखा आहे. आवाज येतो पण लागत नाही तर दात समोरासमोर आलेत, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या हळू वेगात थोडं पुढे-मागे घ्या. पुढचे हब व्हॅक्यूमवर असतील तर रबरी नळी भेगाळली की पुढचा शाफ्ट फिरतो पण चाकं ओढत नाहीत. हे बघायला शाफ्टवर आणि पुढच्या चाकावर खडूची खूण करा, कच्च्या जागी फोर हायमध्ये दोन-चार फूट गाडी न्या, बाहेर उभ्या माणसाला दोन्ही खुणा बघू द्या. शाफ्ट हललाच नाही तर केसमध्ये शिफ्ट झालं नाही, शाफ्ट फिरला पण चाक नुसतं ढकललं जातंय तर हब. आणि फोर व्हील महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर लावून थोडं चालवा, वर्षभर न वापरलेली मोटर आणि फोर्क नेमके ऐन चिखलात अडकतात.

डस्टर एडब्ल्यूडीसारख्या गाड्यांची गोष्ट वेगळी, तिथे मागे क्लचचा कपलिंग असतो, वळताना थरथर आली तर पहिले चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते बघा. दोन नवे दोन जुने टाकले की व्यास वेगळा होतो आणि कपलिंग सतत घसरत, तापत राहतं.

गॅरेजला जाताना वेग, लोड, वळण आणि लिव्हर या चार प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून न्या, रेकॉर्डिंग न्या, आणि मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा, "गाडी ठेवून जा, बघतो" यावर थांबू नका. केस उतरवायचीच ठरली तर चेन, फोर्क पॅड, सगळी ऑइल सीलं आणि आउटपुट बेअरिंग एकत्रच बदलून घ्या कारण मजुरी एकदाच पडते, आणि जुने पार्ट परत मागा.

रस्त्यातच मागचा क्रॉस तुटला तर मागचा शाफ्ट सोडवून, हब लॉक करून, फोर हायमध्ये नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी हळूहळू जवळच्या गावापर्यंत नेता येते. पण शाफ्टचं टोक ट्रान्सफर केसच्या आत घुसणारं असेल तर तो काढू नका, सगळं तेल बाहेर येईल. जुन्या जीपसारख्या ज्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो, त्यात शाफ्ट काढला की हँडब्रेक पण मागच्या चाकांना धरत नाही, थांबल्यावर गुटके लावाच. आणि आवाज केसच्या आतून, धातू फुटल्यासारखा येत असेल तर चालवू पण नका, ओढून पण नेऊ नका, फ्लॅटबेड बोलवा आणि चारही चाकं वर घेऊन न्या.